चार ओळी, सर्व हक्क राखीव

जुने फ्लेक्स आणि किस्से, दोन्ही आमच्या दुकानात साठतच जातात. फ्लेक्स निदान कडब्यावर झाकायला कुणीतरी मागून नेतं, किस्से मात्र मलाच सांभाळावे लागतात. शेवगावात नानांच्या फ्लेक्सच्या दुकानात मी डिझायनर आहे. डिझायनर म्हणजे काय, तर नेटवरून सिंह उचलायचा आणि साहेबांच्या मागे उभा करायचा!

नानांनी स्वतःच्या डोक्यातून आयुष्यात एकच गोष्ट लिहिली. आईच्या वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवर चार ओळी:

आम्हा सगळ्यांना वाढून झाल्यावर
उरल्या पिठाची पातळ भाकरी
तू स्वतःसाठी थापायचीस, आई.
ती अजून आम्हाला पुरतेय.

टाईप करताना माझा हात थांबला होता, खोटं कशाला सांगू! पण फ्लेक्सचा फोटो ग्रुपवर फिरला आणि महिन्याभरात त्याच ओळी तालुक्यातल्या प्रत्येक श्रद्धांजलीवर! नाना पेटले.

"माझी आई हाय ती! गावकीची विहीर हाय का, ज्यानं त्यानं पोहरा टाकायला?"

*

नानांनी दुकानाबाहेर बोर्ड लावला, 'आमचा मजकूर चोरल्यास कायदेशीर कारवाई होईल.'

आठवड्यात समोरच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानावर तोच बोर्ड! तोच लाल रंग, तीच वेलबुट्टी आणि खाली नानांचाच मोबाईल नंबर. तेवढा बदलायला ते विसरले.

तेव्हापासून त्यांच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी नानांना येतात. परवा नाना दारातूनच समोरच्या दुकानाकडे ओरडले, "ओ, ढोरजळगावच्या पत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचा फोटो गेलाय म्हनं! बदलून द्या!"

*

आता नाना स्वतः काय धुतल्या तांदळाचे नाहीत. एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाला त्यांनी नेटवरून हिरवंगार शेत उचललं. त्या फोटोवर मालक कंपनीची पुसट इंग्रजी अक्षरं आडवी पसरलेली.

"नाना, ही अक्षरं कसली?"

"इंपोर्टेड माल हाय, त्याची खूण."

दुसऱ्या दिवशी विरोधी पार्टीचा उमेदवार हजर. "आमच्या फ्लेक्सवर त्यांच्यापेक्षा ठळक अक्षरं पाहिजेत!"

*

शेवटी नाना वकिलाकडे गेले. वकीलसाहेबांनी तासाभरात कडक नोटीस तयार करून दिली. नानांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. पहिला परिच्छेद झकास. दुसराही. तिसऱ्यात आलं, 'आणि आपण सदर बांध दोन फूट कोरून आमच्या अशिलाची लिंबाची झाडं तोडली आहेत.'

नाना म्हणाले, "माझ्याकडं लिंबं कुठं हायेत?"

वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "राहू द्या. नोटीस भारदस्त वाटते."

*

मग एक गुरुजी आले, सासूबाईंच्या फ्लेक्ससाठी. "नाना, मजकूर मी एआयकडून लिहून घेतलाय. एकदम ओरिजिनल!" मोबाईल पुढे केला. पातळ भाकरी!

नानांनी तो मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. मला त्यांची दया आली आणि हसूही. दोन्ही एकदमच आली, त्याला इलाज नाही.

*

गेल्या महिन्यात नानांच्या लांबच्या नात्यातल्या एका दशक्रियेला काष्टीला जायचं होतं. तिथल्या फ्लेक्सवर त्याच ओळी असल्याचं आधीच कळलेलं. नानांनी लिंबाच्या झाडांसकट नोटीस खिशात घातली आणि पुराव्याचा फोटो काढायला मला बरोबर घेतलं.

मंडपात फ्लेक्सखाली मुंडण केलेला मुलगा बसला होता, पन्नाशीचा. नाना सरळ त्याच्यापुढे जाऊन बसले.

"आई पातळ भाकरी थापायच्या का तुमच्या?"

"न्हाई ओ. आई शिक्षिका हुती. सैपाकाला बाई हुती. भाकरी येतच नव्हती तिला."

"मग हे वर काय लिहिलंय?"

"मोबाईलवर आल्तं." त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "आई गेली तवापासून मला रडूच येत नव्हतं. लोक नावं ठेवाय लागली. परवा हे वाचलं आन् मग थांबंचना. कुनी लिहिलंय, ठाऊक हाय का तुमाला?"

मी फोटोसाठी मोबाईल वर केला. नानांनी माझा हात खाली दाबला.

"कुनास ठाऊक," नाना म्हणाले. "पन त्याची आई थापत असंल."