खाली कोण ओढतं?

काकांचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं. जिथे जरा खुट्ट झालं की शंका घ्यायची, अशा कामात माणूस संशयी होणारच, हे मला कळतं. पण म्हणून काकू फोनवर हसली तरी कान टवकारायचे? सगळे त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणत, आणि पाठीमागे काय म्हणतात याचाही त्यांना संशय होताच.

माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ, कामातले जोडीदार. मी लहान असताना बाबा लिफ्टच्या पोकळीत पडून गेले. काकांनीच मला वाढवलं, शिकवलं. मात्र गुरुत्वाकर्षण हे निसर्गातलं मूळ बल आहे की दुसऱ्याच कशाचा परिणाम, यावर संशोधन करायला मी परगावच्या एका संस्थेत निघाले, तेव्हा त्यांचं डोकं फिरलं.

"वस्तू खाली पडते. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. यात शोधायचं काय?"

"ते खरंच बल आहे का, हेच शोधायचंय, काका."

"मुलगा कोण आहे?"

मी संतापले. शेवटी ते स्वतःच सोबत आले. पटलं नाही तर बॅगेसकट परत नेणार होते. संस्थेत पोचताच त्यांनी आधी लिफ्टचं दार तीनदा उघडझाप करून पाहिलं, मग माझ्या मार्गदर्शक मॅडमची उलटतपासणी सुरू केली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही. वारा लागतो, पण कोणी ओढतंय असं वाटत नाही. म्हणून तर प्रश्न पडतो, की हे बल म्हणायचं का."

काकांनी मॅडमना नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "हिला इथे ठेवून घ्यायचं म्हणून सांगताय, की खरं आहे?"

"खरं आहे."

बाहेर येऊन ते जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता बॅग उचलणार.

"तुझ्या बापाचा हात माझ्या हातातून सुटला," ते म्हणाले. हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. "मला आजवर वाटायचं, त्याला खालून कोणीतरी ओढत नेलं. फार हाल झाले असतील त्याचे."

मला रडू आवरेना. काकांनी मॅडमच्या बंद दाराकडे रोखून पाहिलं.

"या बाईचा काय भरवसा? तू नीट शोध. तू सांगितलंस, तर मी मानेन."