एली रूवियेरनं आगाऊ खणलेली कबर

फ्रान्समधल्या नीम शहरात कुठंही कुदळ मारा, खाली रोमन निघतो. एली रूवियेरचा सगळा जन्म या त्रासात गेला. तो झऱ्याच्या बागेत सरकारी माळी होता. गुलाबाला आळं खणलं की जुन्या विटा, नळाला चर खणला की खांबाचा तुकडा. मग पुरातत्त्वाच्या कचेरीतली माणसं यायची, भोवती दोरी बांधायची आणि गुलाब पुढच्या वर्षावर जायचे. प्रवासी विचारायचे, "ते रोमन रिंगण कुठं आहे हो?" एली म्हणायचा, "सरळ जा, आडवं येईल ते तेच." रोमन लोकांबद्दल त्याचं मत काही बरं नव्हतं.

नोकरी संपल्यावर तो शहराबाहेरच्या माळावर, वडिलांनी बांधलेल्या दगडी खोपीत राहायला गेला. तिथं थोडी ऑलिव्हची झाडं, दोन सरू आणि सरूंच्या खाली त्याची बायको ज्युदीत. प्रॉटेस्टंट माणसाला त्याच्याच जमिनीत पुरायचं, ही तिकडची जुनी रीत. कॅथलिक राजाच्या काळी यांना दफनभूमीत जागा मिळायची नाही. आता मिळते, पण आता यांना नको. ज्युदीतच्या शेजारची जागा एलीची. "मी आलोच," असं ती जाताना त्यानं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "घाई नाही. फक्त दुसरीकडं कुठं जाऊन बसू नकोस म्हणजे झालं."

पण त्या हिवाळ्यात एली अंगणात घसरून पडला आणि लियोंहून मुलीचा, एस्तेरचा, फोन आला.

"बाबा, आता पुरे. उन्हाळा संपला की तुम्ही इकडं यायचं. कायमचं. खोपी विकून टाकू."

"आणि आई?"

"आईला आपण भेटायला जात जाऊ ना."

"मी भेटायचं म्हणत नाही गं. मी राहायचं म्हणतोय."

"काहीतरी अभद्र बोलू नका!"

एली भांडला नाही. मुलीपुढं त्याचं आजवर कधी चाललं नव्हतं. त्यानं मुकाट्यानं कुदळ घेतली. माळ म्हणजे नुसता खडक, ऐन वेळी कोण खणणार? शिवाय एकदा खड्डा तयार झाला की बापाला दुसरीकडं पुरायची पोरीला लाज वाटेल, असा त्याचा हिशोब. रोज ऊन चढेपर्यंत तो खणायचा. शेजारचा बार्नाबे, जातीचा कॅथलिक आणि पक्का रिकामटेकडा, कुंपणावर कोपरं टेकून बघत राहायचा.

"काय रे एली, काय लावतोयस?"

"स्वतःला."

"मग पाणी घालू का?"

"घाल. पण बडीशेपेच्या दारूत घालून आण."

खड्डा कमरेइतका झाला आणि कुदळ सपाट शिळेवर वाजली. घडीव, कडा साफ केलेली शिळा. "मेलो!" एली म्हणाला, आणि तेही स्वतःच्या कबरीत उभं राहून.

"बुजवून टाक," बार्नाबे म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. मला चष्म्याशिवाय दिसतच नाही."

पण रूवियेर घराण्यात खोटं बोलायची सोयच नव्हती. एली दोन दिवस चडफडला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं कचेरीला फोन लावला. ओरियान नावाची बाई आली, ब्रश आणि बादल्या घेऊन. तिनं भोवती दोरी बांधली. एलीला ती दोरी चांगली ओळखीची होती.

शिळा उचलायच्या दिवशीच एस्तेर बापाला न्यायला येऊन थडकली. आल्या आल्या तिनं त्याची बॅग भरून गाडीत टाकली. एली म्हणाला, "एवढं बघून निघू." त्याच्या आवाजात आता भांडण उरलं नव्हतं, हे एस्तेरलाही कळलं.

शिळा सरकली. खाली दगडी पेटी, चांगली ऐसपैस. त्यात एक माणूस निजलेला, पण अगदी एका कडेला, भिंतीला पाठ लावून. उरलेली पेटी रिकामी.

"दोघांची आहे," ओरियान म्हणाली. "नवरा आधी गेला. बायकोची जागा राखून ठेवली होती."

"मग ती कुठंय?" एस्तेरनं विचारलं.

"आलीच नाही."

"का?"

ओरियाननं ब्रश झटकला. "ते कसं कळणार? म्हातारपणी दुसऱ्या गावी गेली असेल. एखाद्या मुलीकडं."

बिचारीनं आपलं सहज म्हटलं. बार्नाबे कुंपणावरून खाली उतरला आणि त्याला एकदम घरातलं काहीतरी काम आठवलं. एली त्या माणसाकडं बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला एका रोमनाची कीव आली.

"बघ गं," तो म्हणाला, "अजून सरकूनच निजलाय."

एस्तेरला रडू फुटलं. लहानपणी रडायची तसंच, नाक ओढत, मोठ्यानं. मग तिनं गाडीतून बॅग काढली, खोपीत नेऊन ठेवली आणि कुदळ घेऊन परत आली. ज्युदीतच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"इथं चालेल ना?"

"तिकडं खडक फार कठीण आहे पोरी."

"असू दे. तुम्ही सावलीत बसा."

तिनं लियोंच्या उंच टाचांचे बूट काढून टाकले आणि पहिला घाव घातला. साफ चुकला. दुसराही चुकला. एली सरूखाली बसला आणि डोळे पुसत म्हणाला, "जरा आईला लागून घे."