शेठजींच्या गाडीवरचं पाणी

तोताराम एकोणीस वर्षं केवलचंद शेठजींची गाडी चालवत होता. मूळचा चोपड्याकडचा. शेठजींचं जळगावात कापडाचं दुकान होतं, मेहरूणला बंगला होता आणि दारात एक काळी गाडी.

दर तीन महिन्यांनी तोताराम गाडी धुऊन सावलीत उभी करायचा. डबीतलं वॅक्स स्पंजवर घेऊन पातळ हात फिरवायचा, ते सुकून पांढुरकं झालं की मऊ फडक्याने पुसून काढायचा. मग बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतायचा. पाण्याचे टपोरे थेंब व्हायचे आणि उतारावरून पळायचे. थेंब बसके होऊन पाणी पसरायला लागलं की तो समजायचा, वॅक्स उडालं. दुकानाला उशीर होत असला तरी शेठजी ते थेंब बघायला थांबायचे.

शेठजी वारले आणि त्यांच्या दोन मुलांचं, तरुण आणि जितेंद्रचं, वाटणीवरून फाटलं. गाडी वडिलांनी मलाच देऊ केली होती, असं दोघंही म्हणायचे. प्रकरण कोर्टात गेलं. निकालापर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं आणि किल्ली वकिलाकडे गेली. तोतारामला फाटकावर बसवलं.

गाडी नेमकी गच्चीवरच्या टाकीखाली उभी होती. टाकीचा कॉक बिघडलेला, त्यामुळे टाकी भरून वाहायची. कोणी दुरुस्त करायचा, यावरही भावांचं जमेना. रोज सकाळी बोअरचं क्षारांचं जड पाणी गाडीच्या टपावर पडायचं. सुरुवातीला बरंचसं घरंगळून गेलं. पण एप्रिल-मेच्या उन्हाने वॅक्स खाल्लं, आणि पाणी टपावर पसरून तिथेच सुकू लागलं. मागे पांढरे डाग राहू लागले.

तोताराम तरुणकडे गेला. "तरुणशेठ, पाणी पसरी ऱ्हायनं. मेण बठ्ठं उडी गयं. रंग खराब हुई जाई. नुसता कपडा मारू का?"

"मी हो म्हटलं तर जितू कोर्टात दाखवेल. त्याला विचारा."

जितेंद्र म्हणाला, "भाऊने पाठवलं ना तुम्हाला?"

आठवडाभर तोतारामने गाडीला हात लावला नाही. मग एका सकाळी त्याला राहवलं नाही. ओल्या फडक्याने त्याने अर्धा टप पुसला. वर बाल्कनीतून जितेंद्रची बायको डिंपल मोबाइलवर फोटो काढत होती. दुपारी वकिलाचा फोन आला. पुन्हा गाडीजवळ दिसलात तर फाटकही सोडावं लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. त्या दिवसापासून तो खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसू लागला. पाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज मात्र येतच राहायचा.

दोन वर्षांनी भावांचा समझोता झाला. गाडी विकायची ठरली. धुळ्याचा एक गाड्यांचा व्यापारी आला. त्याने टपावर अंगठा घासला, नखाने खरवडून पाहिलं. "हे डाग नाही निघायचे. पाण्याने रंग खाल्लाय. पूर्ण टप नव्याने रंगवावा लागेल."

तरुण तोतारामकडे वळला. "तोतारामभाऊ, तुम्ही तर इथेच होता. आधी सांगायचं ना!"

जितेंद्रनेही मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदाच भावांचं एकमत झालं होतं.

बॅटरी केव्हाच मेली होती. व्यापाऱ्याच्या माणसांनी गाडीला दोर बांधला. कोणीतरी आत बसून स्टिअरिंग धरायला हवं होतं. तोतारामने दोनदा पुढे पाऊल टाकलं. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस दार उघडून आत बसला.

तोतारामने फाटक उघडलं आणि गाडी वळेपर्यंत धरून ठेवलं.