जावयाला चोथा कसा द्यायचा?

चहा घ्या, बिस्किट घ्या, आणि मग मला नावं ठेवा. क्रम तेवढा पाळा. कारण माझी ही फजिती अशी आहे, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार होतो. आबा स्वतः हा किस्सा सांगताना हसतात. मीही हसतो, पण तेव्हा त्यांच्या पायाकडे बघत नाही.

आबा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आमच्या घरचे एकुलते एक जावई. धुळ्याजवळच्या एका खेड्यात शिवणकाम करतात. पासष्टी आली, पण मशीन अजून पायाचंच. मोटर बसवा म्हटलं की म्हणतात, "कोठे थांबानं ते मोटारले काय समजस?"

तर या आबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला नवी चप्पल लागली. फोड आला, फोडाची जखम झाली, आणि जखम काळी पडायला लागली. साखरेचा आजार होताच, बारा वर्षांचा जुना. आम्ही त्यांना जळगावला आणलं. डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, बातमी चांगली नाही.

"पंधरा दिवस बघू," त्या म्हणाल्या. "औषधं आणि रोजचं ड्रेसिंग मी बघते. साखर ताब्यात ठेवणं तुमच्याकडे. जखम भरू लागली तर उत्तम. नाहीतर बोट काढावं लागेल."

आबांनी एकच विचारलं. "बाई, मशीन चालाडता येई ना माले?"

बाई कागदावर पथ्य लिहायला लागल्या.

रोज ड्रेसिंग म्हणजे आबा आणि अक्का पंधरा दिवस आमच्याकडेच राहणार. पथ्याची जबाबदारी मी घेतली. कुणी दिली नव्हती, मीच घेतली! मला रोजनिशीची सवय आहे. पाऊस किती पडला, सिलिंडर कधी लावलं, कुणाच्या लग्नात काय वाढलं, सगळं माझ्याकडे लिहिलेलं सापडेल. शिक्षण बेताचंच, पण नोंद पक्की. मी म्हटलं, एक जावई, एक बोट, पंधरा दिवस. टापटिपीने केलं तर यात अवघड काय आहे?

बाईंच्या कागदावर लिहिलं होतं: भाजी, भाकरी, डाळ. आणि खाली, "फळ: रोज एक, चिरून."

आता तुम्हीच सांगा. जावई पंधरा दिवस घरात, आणि त्याला दिवसाला एक फळ? लोक काय म्हणतील?

मग मी मोबाइल उघडला. इथून पुढे सगळं माझ्या हाताने झालं. एका व्हिडिओत पांढरा कोट घातलेला एक माणूस रंगीत ग्लासांच्या रांगेमागे उभा होता. तो म्हणाला, चोथा म्हणजे आतड्यांवरचं ओझं. चोथा काढा, रस प्या, रस थेट रक्तात जातो. मी हे वाक्य वहीत उतरवलं आणि खाली रेघ मारली. ते खरंच होतं हो! थेट रक्तात जातो. काय घेऊन जातो, तेवढं त्याने सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रसाचं यंत्र घेऊन आलो. बायको, सुमन, ओट्याशी उभी होती.

"मिक्सर आहे की घरात," ती म्हणाली. "त्यात फिरवा आणि द्या. सालीसकट, चोथ्यासकट. पोटात काहीतरी टिकेल."

"अगं, जावयाला चोथा?"

"मग काय झालं? माणूसच आहेत ना ते?"

सुमन माहेरची नाशिककडची. तिला आमच्या घरातली दहशत माहीत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे जावई जेवायला येतात, आणि आंब्याचा रस फडक्यातून दोनदा गाळला जातो. का? तर माझ्या वडिलांच्या काळात एका जावयाच्या दातात आंब्याची रेषा अडकली. ते पानावरून उठले. एका रेषेपायी! पुढे कित्येक वर्षं त्यांनी जळगावात पाऊल ठेवलं नाही. तेव्हापासून आमच्या घरात जावई आणि चोथा एका ताटात आलेले नाहीत.

"मिक्सर घरच्यांसाठी," मी निकाल दिला. "यंत्र आबांसाठी."

पहिल्या दिवशी उत्साहात मी यंत्रात केळं घातलं. यंत्र घरघरलं, थरथरलं आणि बंद पडलं. अर्धा तास लाटण्याच्या टोकाने लगदा उकरत बसलो. जळगावात जन्म काढून केळ्याचा रस काढायला निघालेला मी एकटाच निघेन.

पण मग बेत जमला. सकाळी सातला, दुपारी अकराला, संध्याकाळी चारला, असा तीनदा रस. कारलं, गाजर, बीट. रसाने पोट भरतं असं मी धरून चाललो आणि आबांची भाकरी एकवर आणली. साखरेचा कण नाही, गुळाचा खडा नाही. एका बाजूने नितळ रस, दुसऱ्या बाजूने कोरडा चोथा. तो चोथा मी टाकायला निघालो, तर अक्काने पातेलं धरलं.

"फेकी देस का रे? इतलं चांगलं गाजर! दे आठे. मी भाकरमा घाली लेसू."

"अक्का, तुला कशाला उरलंसुरलं?"

"मी काय जावई शे का?" ती म्हणाली, आणि चोथा कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, पिठात मळून मोकळी झाली.

आबांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "भाऊ," ते म्हणाले, "कडू शे रे."

जावई कडू म्हणाले! मी लगेच दोन सफरचंदं घातली. सफरचंदात कुठे साखर घालतो आपण?

रोज सकाळी सहाला, रसाच्या आधी, मी त्यांच्या हाताच्या बोटाला टोचून साखर बघायचो. आकडा बरा यायचा. वहीत लिहायचो, सुमनला दाखवायचो. ती बघायची आणि काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याचीही नोंद ठेवायला हवी होती.

पाचव्या दिवशी आबा न्हाणीघरातून पांढरेफटक होऊन बाहेर आले. भिंतीला धरून उभे राहिले.

"भाऊ," ते कुजबुजले, "रगत जाई ऱ्हायनं. लघवीमा."

घरात काय झालं विचारू नका! अक्का रडायला लागली. मी रिक्षा आणली, वही काखेत मारली, आबांना घेऊन दवाखान्यात. तिथल्या कंपाउंडरने आबांकडे पाहिलं नाही, माझ्या बोटांकडे पाहिलं. ती जांभळी झाली होती.

"बीट पाजताय का?"

"हो. रोज तीनदा."

"मग लाल नाही तर काय हिरवी होईल?" तो म्हणाला, आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

शहाण्या माणसाने इथेच यंत्र माळ्यावर टाकलं असतं. मी काय केलं? बीट बंद केलं. ग्लास तेवढा कमी भरायला लागला, म्हणून बिटाच्या जागी तीन मोसंबी घातली. आबांना चव आवडली. आबांना आवडलं म्हटल्यावर मी आग्रह सुरू केला.

"घ्या आबा, अजून अर्धा."

"नको रे, बस."

"रसच तर आहे! पोटाला जड नाही. जावयाने एकावर थांबायचं नसतं."

जड नव्हताच. त्यामुळे आबा पीत गेले. अर्ध्याचा एक झाला, एकाचा दीड झाला. कारलं बिचारं अर्ध्यावर आलं, नावापुरतं. आणि इकडे आबा सारखे तहानलेले. "तोंड कोरडं पडस," म्हणायचे. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. आणि तहान लागली म्हणून काय द्यायचो? बरोबर ओळखलंत.

जखम भरत नव्हती. ड्रेसिंग करणारी नर्स रोज फडकं उलगडायची आणि नवं बांधायची. आबा मात्र विचारायचे, "मशीन चालाडता येई ना?" आणि खाटेवर बसल्या बसल्या पाय हलवून बघायचे. टाच खाली, चवडा वर. टाच खाली, चवडा वर. कापड नव्हतं, सुई नव्हती, नुसता पाय चालायचा.

पंधरावा दिवस. आम्ही बाईंसमोर. मी वही उघडून पुढे सरकवली. खरं सांगतो, मला शाबासकी हवी होती.

बाईंनी पानं उलटली. "सकाळचे आकडे ठीक आहेत."

"रोज सहाला. एक दिवस चुकला नाही."

"आणि हे 'रस' काय आहे?"

"तो सातपासून."

"रस प्यायल्यावर साखर कधी तपासली?"

इतक्या वर्षांत कुणी माझ्या वहीतली रिकामी जागा दाखवली नव्हती. बाईंनी तिथेच आबांचं बोट टोचलं. साडेअकरा झाले होते. अकराचा ग्लास मी दवाखान्याच्या बाकावर थर्मासमधून पाजलेला होता, कारण वेळ म्हणजे वेळ. आकडा चारशेला टेकला होता. बाईंनी चष्मा काढला.

"कशाचा रस?"

"कारल्याचा."

"नुसत्या?"

"दोन सफरचंदं… तीन मोसंबी… एक गाजर… आणि अर्धं कारलं."

"एका ग्लासात?"

"ग्लास मोठा आहे," मी म्हणालो.

बाईंनी आबांना विचारलं, "आबा, एवढी फळं हातात दिली असती तर एका बैठकीत खाल्ली असती?"

"कसाले? दोन मोसंबीमाच पोट भरी जास."

"चोथा ते काम करतो," बाई माझ्याकडे वळल्या. "पोट भरतो, आणि साखर हळूहळू सोडतो. तुम्ही दारावरचा राखणदार काढलात आणि साखरेला म्हणालात, या बाई, आत या."

आता माझा स्वभाव बघा. अशा वेळीही मी विचारलं, "म्हणजे मिक्सर बरा?"

"रसापेक्षा बरा. चोथा निदान पोटात जातो. पण मिक्सरमध्ये पाच फळं घातली तरी ती पाचच फळं. यांना दात आहेत ना?"

"बठ्ठा शेतस," आबांनी तोंड उघडून दाखवले.

"मग एक फळ, चिरून. मी कागदावर लिहिलं होतं."

अक्काही साखरेसाठी रोज अर्धी गोळी घेते. बाईंनी हातासरशी तिचंही बोट टोचलं. आकडा बघून त्यांनी चष्मा परत चढवला.

"वा! तुमची तर उत्तम आहे. काय खाता हो तुम्ही?"

अक्काने पदर सावरला. "यासना चोथा," ती म्हणाली.

मी तेव्हा कुठे बघत होतो ते मला आठवत नाही. वहीतही नाही.

बोट गेलं. ऑपरेशनच्या आधी मी बाईंना गाठलं आणि विचारलं, रस दिला नसता तर वाचलं असतं का? त्या म्हणाल्या, "कदाचित गेलंच असतं. जखम वाईट होती." मी जरा श्वास सोडला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण पंधरा दिवस त्याला वाव द्यायचा होता. तो मिळाला नाही." आणि आत गेल्या. दरवाजा आपोआप बंद होणारा होता. तो हळूहळू बंद झाला.

शुद्धीवर आल्यावर आबांनी पांघरुणाखाली पाय हलवून पाहिला. टाच खाली. चवडा वर यायला वेळ लागला. कळ त्यांच्या तोंडावर दिसली. मी खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

घरी निघायचा दिवस आला. अक्का गाडीत बसली, तिने पिशव्या आत घेतल्या. मी आबांचा पाय उचलून नीट उशीवर ठेवला. एवढं बँडेज होतं, की आत चार बोटं आहेत यावर विश्वास बसू नये. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य मला बोलायचं होतं, पण ते काही तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच, घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं.

"आबा, पाहुणचारात आमचं काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आखाजीला नक्की या. जावयाशिवाय घराला शोभा नाही."

अक्काने कपाळावर हात मारला. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातात राग नव्हता, म्हणून तो फार जड लागला.

"येसू ना भाऊ," ते म्हणाले. "पन जावई म्हनीसन नको बलावू. आते तितला बोटं उरेल नही शेतस मन्हा पायले."