साप चावल्यावर आधी बांगड्या

मंडळी, आज सकाळी आमच्या शेजारच्या अक्का चुलीसाठी कपाशीच्या पऱ्हाट्या आणायला गेल्या. ढिगात हात घातला आणि मनगटाजवळ साप चावला. साप शोधत कोणी बसलं नाही, ते बरं झालं.

आबा, म्हणजे त्यांचे मालक, सुतळी घेऊन आले. मी म्हटलं, "बांधू नका. गाडी काढायला सांगा." अक्कांना खाली बसवलं, हात हलवू नका म्हटलं आणि बांगड्या काढायला सांगितल्या. तिथंच गाडं अडलं.

"सौभाग्यनं लेणं शे, भाऊ. मी नही काढाव!"

हात तर डोळ्यांदेखत फुगत होता. बांगड्या रुतल्या असत्या तर हातावरच बेतलं असतं. शेवटी आबाच ओरडले, "अवं, मी आठे जित्ता उभा शे ना! काढ पटकन!"

भोवती जमलेल्या बाया हसल्या. अक्कांनी हात पुढे केला. साबणाचं पाणी लावून आबांनीच एकेक बांगडी हलक्या हातानं उतरवली आणि आम्ही थेट सरकारी दवाखाना गाठला.

दुपारपर्यंत सूज कोपरापर्यंत चढली होती. इंजेक्शन वेळेत मिळालं, आता धोका टळलाय असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर तर अक्का पहिल्यापासून होत्याच. सलाईन चालू असतानाच त्यांनी आपल्या बांगड्यांचं विचारलं, "मन्या बांगड्या कोठे शेतस?"

आबांनी सदऱ्याचा खिसा खुळखुळवला.

तुमच्या घरात अशी वेळ आली, तर बांगड्या काढायला आधी कोण सांगेल? आजच बोलून ठेवा.