सांबऱ्याचे विमान

माणसाने ठरवून नव्या अनुभवांना सामोरे जावे, त्याने मन विशाल होते. हे वाक्य मी निपाणीत, तंबाखूच्या वखारीत, माझ्या दाजींच्या तोंडून ऐकले. माझ्या बहिणीशी लग्न झाल्यापासून नऊ वर्षे ते एकाच तक्क्याला टेकून बसले होते, आणि तो तक्काही त्यांच्या वडिलांनी मळवलेला होता.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. पुण्याहून आलेल्या कुणा व्याख्यात्याचे भाषण ऐकून दाजींनी उन्हाळ्यापुरता नियम घेतला. पाऊस पडेपर्यंत दर सोमवारी एक नवी गोष्ट करायची. आम्हा जैनांना नियम घ्यायची सवय असते, पण तो काहीतरी सोडण्याचा. कुणी गूळ सोडतो, कुणी हिरवी भाजी. काही धरण्याचा नियम गावात पहिलाच. तो बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, मूर्तीपुढे घेतला होता, त्यामुळे मोडताही येईना.

पहिल्या सोमवारी ते सायकलवर बसले. दोन हमालांनी सायकल धरली होती आणि तिसऱ्याने टोपी. पुढच्या सोमवारी ते बेळगावला माझ्याकडे आले. मी कॅम्पातल्या शाळेत मास्तर होतो. तिथे त्यांनी गोऱ्यांचा टेनिसचा खेळ कुंपणाबाहेरून पाहिला. त्यानंतरच्या खेपेस बेकरीच्या दारात उभे राहून पावाचा वास घेतला. आत अंडी घालतात या संशयाने खाल्ला मात्र नाही. प्रत्येक अनुभवावर दुसऱ्या दिवशी वखारीत भाषण होई. माल घेऊन आलेले शेतकरी भक्तिभावाने माना डोलावत. त्यांचा भाव अजून ठरायचा असे.

या साऱ्यात माझ्या बहिणीला, आक्काला, एकच गोष्ट हवी होती, बेळगावजवळ सांबऱ्याला माहेरी जायचे. तिच्या लग्नात वाजंत्री मिरवत राहिली, पंगत बसेपर्यंत दिवस मावळला, आणि दिवस मावळल्यावर अन्न न शिवणारे सगळे वऱ्हाड उपाशी झोपले. तो अपमान दाजींनी नऊ वर्षे जपला. स्वतः आमचा उंबरा चढले नाहीत, बायकोला पाठवले नाही. आता आमच्या आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दिसतंय तोवर लेकीचं तोंड बघू दे, एवढेच ते म्हणत.

“सांबऱ्याला चला की,” आक्का माझ्यासमोरच म्हणाली. “सासुरवाडीचं जेवण तुमास्नी नवंच हाय.”

“ते अनुभवात बसत न्हाय.”

“आन् पावाचा वास बसतोय व्हय?”

दाजींनी तक्का सरळ केला.

ढग दिसू लागले तेव्हा एकच सोमवार उरला होता. सांबऱ्याच्या माळावर सरकारने नुकताच विमानतळ केला होता. दाजींनी विमान उतरताना पाहायचे जाहीर केले. आपण सांबऱ्याला जाणार नाही, सांबऱ्याच्या माळावर जाणार, हा फरक त्यांनी मला दोनदा समजावला. जेवणाचा डबा सांभाळायला आक्काला बरोबर घेतले. पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीने दोघे बेळगावला आली, तिथून मी टांगा केला.

दुपारभर आम्ही विमानतळाच्या तारेच्या कुंपणापाशी उभे होतो. विमानाने आपल्याला वेळ दिली आहे अशा थाटात दाजी आकाशाकडे बघत होते. ऊन कलले.

“डबा काढ,” ते म्हणाले.

“अगं बया, त्यो निपाणीतच ऱ्हायला की!”

आक्का आयुष्यात दुसरे काही विसरल्याचे मला आठवत नाही.

दाजींनी सूर्याकडे पाहिले, मग गावाकडे. बेळगाव गाठेपर्यंत दिवस मावळणार होता. त्यांना चालेल असे जेवण जवळपास एकाच घरी होते.

“पाणी तरी पिऊन येऊ,” ते म्हणाले.

आप्पांनी लेकीला आवाजावरून ओळखले, हाताला धरून अंगणात उजेडात नेले आणि बराच वेळ तिचे तोंड निरखले. मग एकदम ओरडले, “आदी पानं वाढा गं! दिस हाय तवर!”

दाजी तीन भाकरी जेवले आणि सकाळी एकटेच परतले. आक्का महिनाभर राहिली.

वखारीतले शेवटचे भाषण सर्वांत लांबले म्हणे. विमान उतरताना पाहिले की माणसाचा अहंकार गळून पडतो, असे दाजींनी सांगितले.

त्या सोमवारी विमान आलेच नव्हते.