शेपटाकडचं वजन

गोऱ्या साहेबांच्या विमान कंपनीत तो हमाल होता. देशी माणसाला तिथे तिकीट मिळत नसे. प्रवासी कमी असले की तोल सांभाळायला विमानात मागे वाळूची पोती ठेवत. एकदा पोती फाटलेली निघाली, तेव्हा वैमानिकाने यालाच मागे बसवलं. साहेबाला वाळू काय नि हमाल काय, सारखंच! गडी मात्र हरखून गेला.

परतीला विमान साहेबांनी भरलं. आता वजन नको होतं, म्हणून याला तिथेच सोडलं. पायपीट करत घरी पोचला.

सुजलेल्या पायांवर गरम पाणी ओतत बायकोने विचारलं, "कसं असतं हो विमान?"

"भारी वेगवान! आठवडाभर चालत यावं लागेल, एवढ्या लांब तासाभरात नेऊन टाकतं."